गोल्डी, केमिस्ट्री आणि दादाचा ‘विचारप्रवर्तक’ मेसेज

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला, सुप्रभाताच्या सूर्यफुलांच्या पाठोपाठ, दादाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा असा: ‘मुलांना डीजे व्हायचंय? आधी गोल्डीची ही सत्यकथा वाचा.’ त्याखाली दादाचा स्वतःचा एकच शब्द होता, ‘विचारप्रवर्तक’. नंतर कळलं की हेच ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर, तिच्या भिशीच्या ग्रुपवर आणि माझ्या ऑफिसातल्या दोघांकडेही येऊन गेलं होतं. एरवी असलं काही मी न वाचता पुढे सरकवते. पण माझी भाची १९ वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षं रात्री जागून लॅपटॉपवर ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान ड्रम आणि खर्जातला बेस असलेलं संगीत, बनवते आहे. येत्या शनिवारी तिला पुण्यात पहिल्यांदाच लोकांसमोर ४० मिनिटं वाजवायचंय. मेसेज वाचून ताई तिला म्हणाली, ‘तूर्तास राहू दे.’ पोरगी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हेडफोनची वायर गुंडाळली आणि ते कपाटात ठेवून दिले.

ज्यांच्यापर्यंत हे अजून पोचलेलं नाही त्या भाग्यवानांसाठी मेसेजचा गोषवारा. गोल्डी नावाच्या सोन्याच्या दातांच्या गुंडाने १९९५ साली लंडनमध्ये ड्रम अँड बेस नावाचा गोंगाट शोधून काढला. त्याला एकही वाद्य येत नाही. तो बटणं दाबतो, खरं काम इंजिनिअर करतो. त्याने एका गरीब ड्रमरचा ठेका चोरला आणि तो ड्रमर रस्त्यावर मेला. त्याच्या गोटात केमिस्ट्री नावाची मुलगी होती, त्याची मैत्रीण म्हणून डीजे झालेली. रात्री-अपरात्री भटकण्याच्या नादात ती भर तारुण्यात गेली. आणि सरतेशेवटी, हे संगीत मुळात आपल्याच तबल्यावरून, तलविन सिंगकडून उचललेलं आहे. म्हणजे पहिल्या ओळीत जो गोंगाट होता तो शेवटच्या ओळीत आपला वारसा झाला!

मी काही संगीतातली जाणकार नाही. २००० सालच्या सुमारास नोकरीसाठी दोन वर्षं लंडनला होते, तेव्हा जुन्या सीडींच्या एका दुकानातून गोल्डी या ब्रिटिश संगीतकाराचा ‘टाइमलेस’ हा आल्बम घेतला होता. ती सीडी अजून माझ्याकडे आहे. बाकीचं भाचीने समोर बसवून ऐकवलंय. एवढ्या भांडवलावर हे लिहिते आहे. क्रमाने जायला हवं, पण तेवढा धीर नाही. केमिस्ट्रीपासूनच सुरुवात करते.

केमिस्ट्री म्हणजे केमी ओलुसान्या. केटरिंग या इंग्लंडमधल्या लहानशा गावात तिची आणि जेन कॉनीलीची मैत्री जमली. जेन म्हणजे पुढची डीजे स्टॉर्म. केमी मेकअपचं काम करायची, स्टॉर्म हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. लंडनला चेरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखाली हेवन नावाचा क्लब आहे; तिथे गुरुवारी रात्री ‘रेज’ नावाचा नाचाचा कार्यक्रम व्हायचा आणि फॅबिओ व ग्रूव्हरायडर ही जोडी रेकॉर्ड वाजवायची. हळूहळू वेग वाढवत, ठेके तोडत-जोडत या दोघांनी तिथे काहीतरी वेगळंच सुरू केलं होतं. त्या गर्दीत या दोन मैत्रिणी नेमाने असायच्या.

गोल्डी तेव्हा कुठे होता? तो नुकताच अमेरिकेतून परतला होता. त्याची ओळख होती भिंतींवर ग्राफिटी रंगवणारा, ब्रेकडान्स करणारा हिपहॉपचा माणूस अशी. मायामीत तो दातांवर बसवायच्या सोन्याच्या पट्ट्या बनवायचा. या नव्या संगीताशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याला रेजला घेऊन गेली ती केमी. आता क्रम बघा. मेसेज म्हणतो, गोल्डीमुळे केमिस्ट्री. घडलं नेमकं उलट: केमिस्ट्रीने दार उघडलं म्हणून गोल्डी आत आला. दोघं एकत्र होते हे खरं आहे, नाकारायचं कारणच नाही. पण त्या नात्यातून संगीताकडे कोण कुणाला घेऊन गेलं, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडलाच नाही. बाई कुणाची तरी मैत्रीण असली की तिची बाकीची माहिती शोधायची गरज संपते, असा काहीतरी नियम असावा.

यासाठी दहा दाखले देत बसत नाही. एकच देते, आणि तो खुद्द गोल्डीचा आहे. केमीने आपल्याला रेजला नेलं आणि तिथून आपलं आयुष्य बदललं, हे तो गेली कित्येक वर्षं मुलाखतींमधून सांगत आलाय. स्टॉर्मही तेच सांगते. ज्याची नुसती मैत्रीण म्हणून हा मेसेज तिला लहान करतोय, तोच माणूस मोठेपण तिच्या पदरात टाकतोय. यापुढे मेसेजवाल्याकडे कोणता साक्षीदार आहे?

पुढचंही ऐका. तो संगीत बनवणार, या दोघी ते वाजवणार, असं स्वप्न त्या तिघांनी तिथेच पाहिलं. दोघींनी रेकॉर्डच्या तबकड्या फिरवायच्या टर्नटेबलवर सराव केला, विनापरवाना चालणाऱ्या पायरेट रेडिओवर वाजवलं. १९९४ मध्ये मेटलहेड्झ ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली ती या तिघांची. पहिली एक-दोन वर्षं गोल्डी स्टुडिओत आणि जगभर हिंडत असताना कंपनीचा रोजचा गाडा या दोघींनी ओढला. डॉक स्कॉट, डिलिंजा, फोटेक अशी ज्यांची नावं आज माझी भाची देवाच्या नावासारखी घेते, त्यांच्या रेकॉर्ड याच कंपनीने काढल्या.

आणि वाजवणं काय असतं तेही सांगते, कारण ‘मैत्रीण म्हणून डीजे झाली’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी टर्नटेबल पाहिलेलं नाही. ड्रम अँड बेसमध्ये मिनिटाला १७० च्या आसपास ठोके पडतात. एका तबकडीवरचं गाणं लोक ऐकत असतात. दुसरीवरचं फक्त तुमच्या एका कानातल्या हेडफोनमध्ये असतं. दोन्हींचा वेग थोडा थोडा वेगळा असतो. वेगाची पट्टी केसभर वर-खाली करत, तबकडीला बोटाने हलका रेटा देत दोन्हींची सम जुळवायची आणि मग दुसरं गाणं पहिल्यात असं सोडायचं की नाचणाऱ्याला सांधा कळू नये. या वेगात थोडंसं जरी चुकलं तरी पत्र्याच्या छपरावरून भांडी घरंगळल्यासारखं ऐकू येतं. भाचीने मला एकदा करायला दिलं होतं. तीच भांडी घरंगळली. केमिस्ट्री आणि स्टॉर्म हे दोघींत मिळून करायच्या, एकीने सोडलेलं दुसरीने उचलायचं. १९९९ मध्ये ‘डीजे-किक्स’ या नावाजलेल्या मालिकेत त्यांचं मिक्स निघालं. ते आजही ऐकायला मिळतं. मैत्रीण असल्याने काय काय जमतं, ते दादाने स्वतःच ऐकून ठरवावं.

आता तिचा मृत्यू. हे लिहिताना हात आखडतो, पण मेसेजने त्याचंच बुजगावणं केलंय. २५ एप्रिल १९९९ च्या पहाटे दोघी साउथॅम्प्टनचा कार्यक्रम आटोपून लंडनला परत येत होत्या. गाडी स्टॉर्म चालवत होती, केमी शेजारी बसली होती. रस्त्याच्या मधोमध रात्री चमकणारे जे कॅट्स आय बसवलेले असतात, त्यातला एक पुढच्या व्हॅनच्या चाकाने उखडला गेला, उडून यांच्या काचेतून आत आला आणि केमीला लागला. ती ३५ वर्षांची होती. स्टॉर्मला काही झालं नाही.

यात ‘भटकणं’ कुठे आलं? ती कामावरून घरी येत होती. रस्त्यात बसवलेला लोखंडी तुकडा सुटून आला, त्याला कारण रस्ता. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दरड कोसळून माणसं गेली आहेत. तेव्हा ‘कुठून येत होतात आणि एवढ्या रात्री कशाला’ असं कुणी त्यांना विचारलं नाही. समजा, स्टॉर्मने हॉस्पिटलातली नोकरी सोडली नसती, आणि रात्रपाळी संपवून घरी येताना त्याच रस्त्यावर तोच तुकडा काचेतून आला असता. दादाने मग काय पाठवलं असतं, ‘मुलींना एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय? आधी ही सत्यकथा वाचा’? एका बाईचं अख्खं काम पुसून टाकायचं आणि तिचं मरण तेवढं उचलून दुसऱ्या मुलीसमोर धरायचं, हे मला सहन होत नाही. ताईची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. कार्यक्रम रात्री एकला संपणार असेल तर पोरगी घरी कशी येणार, हे विचारलंच पाहिजे, मीही विचारलं. पण तो प्रश्न गाडीचा आणि ड्रायव्हरचा आहे. त्याचं उत्तर हेडफोन कपाटात ठेवणं हे नव्हे.

स्टॉर्म त्यानंतरही वाजवत राहिली, हे मेसेजमध्ये अर्थातच नाही.

बरं, बटणं. ‘वाद्य येत नाही, काम इंजिनिअर करतो.’ यातलं निम्मं खरं आहे आणि ते मी मान्य करते. गोल्डी यंत्रांपुढे बसून सगळं स्वतः जुळवणारा कारागीर नव्हता. काय हवंय ते तो तोंडाने आवाज काढून, हातवारे करून सांगायचा आणि इंजिनिअर ते यंत्रातून काढायचा. ‘टाइमलेस’मागे मूव्हिंग शॅडो या कंपनीचा रॉब प्लेफर्ड होता. हे काही दडवलेलं गुपित नाही, सीडीच्या पुस्तिकेत त्याचं नाव छापलंय. आपल्या सिनेसंगीतात काय वेगळं होतं? चाल गुणगुणायचा संगीतकार, वादकांसाठी ती कागदावर उतरवायचा अरेंजर. त्या अरेंजरांची नावं आपण कोणत्या पोस्टरवर छापली, ते आठवून बघा आणि मग गोल्डीला नावं ठेवा.

आणि ‘काय हवंय’ हे सुचणं म्हणजेच तर सगळं. १९९२ च्या ‘टर्मिनेटर’चं उदाहरण घ्या. त्या काळी रेकॉर्ड वेगात फिरवली की स्वर वर चढायचा, हळू केली की उतरायचा; वेग आणि स्वर एकमेकांना बांधलेले. घरात टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरली की लताबाईंचा आवाज जसा घोगरा व्हायचा, तसंच. गोल्डीने हट्ट धरला की ड्रमचा स्वर चढत गेला पाहिजे पण लय जागची हलता कामा नये. गायक काळी एकवरून काळी चारला जातोय आणि तबलजीचा ठेका जिथल्या तिथे आहे, अशी कल्पना करा, फक्त इथे पट्टी बदलतेय ती ठेक्याचीच. स्टुडिओतल्या, स्वर बदलणाऱ्या हार्मोनायझर यंत्रातून ते साधलं आणि त्या काळच्या लंडनमधल्या लोकांना वाटलं, काळच वाकतोय. बटण होतंच. ते कशासाठी दाबायचं, ते त्याला ठाऊक होतं.

‘टाइमलेस’ १९९५ मध्ये आला आणि ब्रिटनच्या आल्बमच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याचं पहिलं गाणं २१ मिनिटांचं आहे. त्यात डायान शार्लमेनचा आवाज संथ, जवळजवळ विलंबितात वाहतो आणि खाली ड्रम चौपटीने धावतात. भाचीने पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा, म्हणजे माझीच सीडी मला ऐकवली तेव्हा, म्हणाली, ‘मावशी, बेसच्या लयीने चाल, ड्रमच्या नको.’ तेव्हा कुठे मला ते संगीत कळलं. (१९९८ च्या पुढच्या आल्बममध्ये ‘मदर’ नावाचं तासाभराचं गाणं आहे. ते मी अजून एका बैठकीत पुरं केलेलं नाही. गोल्डीची वकिली मी करते आहे, आरती नव्हे.)

त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती हे खरं. २००८ मध्ये बीबीसीच्या ‘माएस्त्रो’ या स्पर्धेत वाद्यवृंद चालवायला उभा राहिला आणि तरीही दुसरा आला. पुढच्याच वर्षी त्याची ‘साइन टेम्पोरे’ ही रचना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजली. आणि ‘गुंड’? वॉल्सॉलला जन्मलेला, बालपण पालक-कुटुंबांत आणि अनाथालयांत गेलेला क्लिफर्ड प्राइस. सोन्याचे दात दिसले की गुंड, मग आपल्याकडे गळ्यात बोटभर जाडीची साखळी घालून फ्लेक्सवर हसणाऱ्यांना काय म्हणायचं? २०१६ मध्ये त्याला एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला, संगीत आणि तरुणांसाठी केलेल्या कामाबद्दल. किताबाने माणूस थोर ठरतो असं नाही, पण मेसेजवाल्यांना किताब आवडतात म्हणून सांगितलं.

आता ठेक्याची चोरी. इथे मात्र मला मान खाली घालावी लागते. १९६९ साली द विन्स्टन्स या अमेरिकन बँडने ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यसंगीत एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला भरलं. मध्येच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं ड्रम वाजवतो. चार चोक १६ मात्रा, सहा-सात सेकंद. (१६ मात्रा म्हणजे तीनताल, असा नवा मेसेज कुणी कृपा करून बनवू नका.) ते सहा-सात सेकंद पुढे कापून, वेग वाढवून, तुकडे उलटसुलट लावून हजारो गाण्यांत वापरले गेले. जंगल (ड्रम अँड बेसच्या आधीचं त्याच घराण्यातलं संगीत) आणि ड्रम अँड बेसचा तर तो कणाच. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. २००६ मध्ये अटलांटात तो हलाखीत गेला. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर यालाही वर्षानुवर्षं रॉयल्टी मिळाली नाही. २०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढून त्याला २४ हजार पौंड पाठवले. तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. हा अन्याय आहे आणि तो कुठल्याही युक्तिवादाने धुतला जात नाही.

पण तो एकट्या गोल्डीच्या नावावर टाकणं म्हणजे अख्ख्या गावाची उधारी एकाच्या खात्यावर मांडणं. गोल्डीने स्टुडिओत पाऊल टाकण्याआधीच अमेरिकन हिपहॉपवाले तो ठेका वापरत होते, एन. डब्ल्यू. ए. या गटाने १९८८ मध्ये वापरला. आणि कोलमनविषयीचा हा कळवळा नेमका एका १९ वर्षांच्या मुलीला गप्प बसवतानाच का उफाळून आला? तिच्या वहीत पहिल्या पानावर त्याचं नाव आहे. मेसेजमध्ये तेसुद्धा नाही, नुसता ‘एक गरीब ड्रमर’.

उरलेलं पटकन. ‘१९९५ साली एकट्याने शोध लावला’ हे गोल्डीही म्हणणार नाही. मोठाले स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्या जमैकन साउंड सिस्टिम, १९९० च्या आसपासचे रेव्ह म्हणजे रात्रभर नाचायचे मेळावे, उत्तर लंडनमधली रीइन्फोर्स्ड ही रेकॉर्ड कंपनी चालवणारा फोर हिरो हा गट, फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर, असे अनेक हात त्यात आहेत. गोल्डी रीइन्फोर्स्डमध्येच शिकला. पहिला तो नव्हे. हे संगीत अख्ख्या आल्बमभर, सिनेमासारखं मोठं मांडता येतं हे ज्यांनी दाखवलं, त्यांत मात्र तो अगदी पुढे.

‘डीजे म्हणजे ध्वनिप्रदूषण’ असंही मेसेजमध्ये मध्येच घुसडलंय. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या त्या भिंती, ज्यांना सातारा-कोल्हापूरकडे डॉल्बी म्हणतात, त्या बंद करायच्या तर आत्ता करा, सही मी देते. माझ्या खिडकीच्या काचा दर वर्षी थरथरतात. तिथला डीजे म्हणजे ट्रक. इथला डीजे म्हणजे माणूस. शब्द एक आहे म्हणून गुन्हा एक होत नाही.

आणि तलविन सिंग. तो लंडनचाच, तबला पंजाबात जाऊन शिकलेला. त्याचा १९९८ चा ‘ओके’ हा आल्बम फार सुंदर आहे, ब्रिटनमधलं १९९९ चं मर्क्युरी संगीत पारितोषिक त्याला मिळालं. पण त्याच्याकडून कुणी काही ‘उचललं’ नाही. त्यानेच तयार होत असलेल्या ड्रम अँड बेसमध्ये आपला तबला आणून मिसळला. लंडनच्या होक्स्टन स्क्वेअरमध्ये ब्लू नोट नावाचा क्लब होता. रविवारी तिथे मेटलहेड्झची रात्र असायची, आणि सोमवारी त्याच जागेत तलविन आणि स्वीटी कपूर यांची ‘अनोखा’ नावाची रात्र. रविवारी केमिस्ट्री-स्टॉर्म, सोमवारी तबला. मी लंडनला पोचले तोवर तिथलं ते सगळं संपलं होतं, याची चुटपुट मला आजही आहे.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलंय. दादाने अजून उघडलेलं नाही. सूर्यफूल मात्र आज सकाळीही आलं. ताईने वाचलं आणि फोन करून एवढंच विचारलं, ‘त्या स्टॉर्मचं पुढे काय झालं म्हणालीस?’ शनिवारबद्दल ती काही बोलली नाही. पुण्याहून रात्री परत आणायला गाडी मी ठरवून ठेवली आहे.